सही करणाऱ्याच्या हातातच संघ असतो

‘संघ प्रशिक्षक घडवतो, अधिकाऱ्यांनी फक्त चेकवर सही करायची,’ हे फुटबॉल संघांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचंच बघा. २०१३ साली प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाले हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही पायउतार झाले, हे लेखात कुठेच नाही. सूत्रं आली एड वुडवर्ड यांच्याकडे, ते मूळचे बँकिंगमधले. मग मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर असे प्रशिक्षक बदलत गेले, प्रत्येकाची पसंती वेगळी, आणि खेळाडूंची खरेदी बघणारं फुटबॉल संचालक हे पद तिथे आलं थेट २०२१ मध्ये! उलट लिव्हरपूलमध्ये २०१७ साली सालाह या खेळाडूला घेण्यासाठी क्लबचे क्रीडा संचालक मायकेल एडवर्ड्स आणि त्यांच्या माणसांनीच आग्रह धरला होता. हे खुद्द तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप यांनी मोकळेपणाने सांगितलंय.

मी भुसावळचा, बरीच वर्षं डावा बचावपटू म्हणून खेळलो. एका वर्षी आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला. आमच्या प्रशिक्षक सरांनी धुळ्याचा एक गोलकीपर पोरगा हेरून ठेवला होता, दोन महिने ते क्लबच्या कमिटीच्या मागे लागले. कमिटीने त्याच्या गाडीभाड्याचे पैसे नाकारले आणि आणला कोण, तर एका पदाधिकाऱ्याच्या ओळखीतला स्ट्रायकर. आमच्याकडे आधीच तीन होते! जळगावच्या सामन्यात आमचा मिडफिल्डर ग्लोव्हज घालून उभा राहिला, चार गोल बसले. हंगाम संपल्यावर काढलं सरांना. कमिटीतलं एकही नाव बदललं नाही.