काटा नाचला की थर्मोस्टॅटच का?

जुन्या गाडीचा टेंपरेचर काटा वरखाली झाला की लगेच थर्मोस्टॅट (इंजिनातल्या कूलंटचा प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) बदलायचा, ही सवय सुटणार कधी? अरे, त्याआधी हेडलाइट लावून बघा! काटा हलला तर दोष अर्थिंगचा, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधल्या जोडणीचा. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ही जोडणी करणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करा. पेट्रोलचा काटाही सोबत नाचतो? मग दोष मीटरमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरचा, म्हणजे दोन्ही काट्यांना स्थिर व्होल्टेज देणाऱ्या भागाचा. आणि तापमान मोजणाऱ्या एका वायरच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं थांबवा, त्याला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं! कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मात्र सगळ्यात आधी बघा, इंजिन थंड असताना. पातळी कमी असली की सेन्सरला हवेचा बुडबुडा लागतो आणि काटा खोटं बोलतो.