मेबल गिलिस आणि ‘बापाची गादी’

कॅलिफोर्नियाच्या पहिल्या स्त्री स्टेट लायब्ररियन (राज्य ग्रंथालयाच्या प्रमुख) मेबल गिलिस यांच्याबद्दल एक शेरा हमखास ऐकू येतो: वडील त्याच पदावर होते, लेकीला गादी आयती मिळाली, आधी अंधांच्या पुस्तकांचं हलकं काम केलं, मग वडिलांचं उभं केलेलं राखलं, बस्स.

आधी गादीचं बघू. जेम्स गिलिस 1899 पासून पदावर होते, 1917 मध्ये वारले. त्यांच्या जागी मुलगी नव्हे, मिल्टन फर्ग्युसन आले. ते ब्रुकलिनच्या ग्रंथालयात गेल्यावर 1930 मध्ये मेबल यांची नेमणूक झाली. पहिली नोकरी 1904 मध्ये वडिलांच्या अमलात लागली, हे मात्र खरं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण 1930 मध्ये शब्द टाकायला वडील हयात नव्हते.

‘हलकं काम’ हा शेरा मला जास्त खटकतो. अंधांसाठीचा विभाग 1905 मध्ये सुरू झाला आणि तो मेबल यांनी सांभाळला. तेव्हा अमेरिकेत स्पर्शाने वाचायची सगळ्यांची मिळून एकच अशी लिपी नव्हती. ब्रेल होती, अमेरिकन ब्रेल वेगळी, न्यूयॉर्क पॉइंट तिसरी. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना सोपी पडणारी, उठावाच्या रेघांची मून लिपी आणखी निराळी. एक लिपी येणाऱ्याला दुसरीतलं पुस्तक म्हणजे नुसता जाड कागद. (भारतातही 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरेपर्यंत असाच सावळागोंधळ होता.) त्यामुळे कोणता वाचक काय वाचू शकतो, हे ठाऊक असल्याशिवाय पुस्तक पाठवून उपयोग नव्हता. 1904 च्या कायद्याने अशा पुस्तकांचं टपाल फुकट झालं होतं, म्हणून राज्यभर पाठवणं निदान परवडत होतं. ज्यांना एकही लिपी येत नव्हती, त्यांच्या घरी जाऊन शिकवायला ग्रंथालयाने 1914 मध्ये केट फोली यांना नेमलं. त्या स्वतः अंध होत्या. याला हलकं काम म्हणणाऱ्याने डोळे मिटून एक पान वाचून दाखवावं.

‘राखलं, बस्स’? काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ग्रंथालयांची योजना जेम्स गिलिस यांचीच, वाद नाही. पण मेबल यांची कारकीर्द 1930 ते 1951, म्हणजे महामंदी आणि महायुद्ध दोन्ही तिच्यात आली. सरकारी तिजोरीत खडखडाट असताना चालतं ग्रंथालय बंद पडू न देणं ही ‘बस्स’ म्हणण्याजोगी गोष्ट नाही. मंदीत बेकार लेखकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून 1939 मध्ये कॅलिफोर्नियाचा जो जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्याच्या प्रायोजक म्हणूनही त्यांचंच नाव आहे.

चाहत्यांनीही थोडं आवरावं. ‘अमेरिकेतली पहिली स्त्री स्टेट लायब्ररियन’ हे बिरुद त्यांचं नाही. टेनेसी राज्याने 1871 मध्येच पॅरली हॅस्केल यांना त्या पदावर निवडलं होतं.