चढता आलेख

आमच्या वैद्यकीय जर्नलचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे. पद मानद आहे, म्हणजे पैसे नाहीत. मानही नाही, पण ते लेटरहेडवर छापता येत नाही.

संपादक मंडळाला दरवर्षी एकच चित्र बघायचं असतं: आलेल्या लेखांची रेघ वर जाताना. ती जातेच. त्यात आमचं कर्तृत्व शून्य. २०१५ साली मेडिकल कौन्सिलने मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांच्या बढतीचे नियम कडक करून पेपरमधल्या पहिल्या दोनच लेखकांना श्रेय ठेवलं, आणि भल्याभल्यांना एकाएकी संशोधनाची ओढ लागली. तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्यांचे रुसवेही आमच्याच इनबॉक्समध्ये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर ज्याला गूगल फॉर्म करता येतो तो संशोधक झाला. मास्कविषयी लोकांचं ज्ञान किती, हे ज्याने त्याने आपापल्या कॉलेजात तपासलं. निष्कर्ष सगळीकडे एकच: आणखी अभ्यासाची गरज आहे. हल्ली इंग्रजी इतकं गुळगुळीत येतं की धास्ती वाटते. पूर्वी चुका बघून, लिहिणारा माणूसच आहे, एवढी तरी खात्री पटायची.

थिसिस जमा झाले की आमच्याकडे लग्नसराई. वऱ्हाड भरपूर, भटजी मिळत नाही. एक रिव्ह्यूअर, म्हणजे लेख तपासून मत देणारा तज्ज्ञ, कॉन्फरन्सला, दुसरा परीक्षक म्हणून बाहेरगावी, तिसरा होकार देऊन बेपत्ता. चौथा त्याच संध्याकाळी कळवतो, ‘लेख उत्तम, छापावा.’ त्याने तो उघडलेलाही नसतो; सिस्टिममध्ये दिसतं ते.

खरी कसोटी इम्पॅक्ट फॅक्टरच्या पानावर. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांत छापलेले लेख. हा आकडा पूर्वी तीन दशांश स्थळांपर्यंत यायचा. शेवटचा अंक जरा हलला की मी ‘उल्लेखनीय वाढ’ लिहून मोकळा. २०२३ च्या यादीपासून एकच दशांश स्थळ देतात. तेव्हापासून आमची प्रगती दिसेनाशी झाली.

“अंश वाढत नसेल तर छेद कमी करा,” मंडळातले एक ज्येष्ठ सर म्हणाले. म्हणजे केस रिपोर्ट, एखाद्याच रुग्णाची हकिगत सांगणारे लेख, बंद. त्यांचा संदर्भ सहसा कुणी देत नाही. ठराव मंजूर होणार, तेवढ्यात सहसंपादिका मॅडम म्हणाल्या, “सर, तुमचाच एक रांगेत आहे.” ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

अध्यक्ष मात्र रेघेवर खूश. “वा! पुढच्या वर्षी दुप्पट लेख आले पाहिजेत.”

“मग रिव्ह्यूअरही दुप्पट लागतील, सर. आपल्याकडे आजच दोन लेख तपासायला पाठवू?”

सरांना एकदम ओपीडी आठवली.