पेनिंग्टनच्या ‘अशक्त’ हाताची गोष्ट

अमेरिकन फुटबॉलचा मोसम डिसेंबरात शिरला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातात तोफ लागते. चॅड पेनिंग्टनचा हात अशक्त, म्हणून तो आखूड पास टाकून वेळ मारून न्यायचा. २००८ साली जेट्सनी (न्यूयॉर्कचा संघ) त्याला काढून तोफेसारख्या हाताच्या ब्रेट फार्व्हला आणलं ते बरोबरच केलं. मायामीला जाऊन तो जिंकला तो ‘वाइल्डकॅट’ नावाच्या हातचलाखीमुळे. आणि शेवटी प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) बाल्टिमोरने त्याचं पितळ उघडं पाडलं. खाली दंडाच्या बेटकुळीचं चित्र आणि हसरे चेहरे.

मी मूळचा क्रिकेटवाला. हा खेळ कळायला लागला तो पेनिंग्टनला बघून, त्यामुळे माझा जीव त्याच्यात गुंतलेला आहे हे आधीच सांगून टाकतो.

आणि जे खरं आहे तेही आधीच मान्य करतो. त्याचा हात तोफ नव्हता. खांद्याच्या शस्त्रक्रियांनंतर नव्हता आणि त्यापूर्वीही नव्हता. त्याचा लांबचा चेंडू हवेत रेंगाळायचा. जायंट्स स्टेडियमवर, म्हणजे जेट्सच्या घरच्या मैदानावर, वारा सुटला की इकडे सोफ्यावर आमचा जीव टांगणीला. यावर कुणी वाद घालत असेल तर त्याने पेनिंग्टनचे सामने पाहिलेले नाहीत. माझं भांडण फॉरवर्डमधल्या ‘म्हणून’ या शब्दाशी आहे.

तर पहिला मुद्दा, तोफ लागतेच. हे म्हणणारे नेहमी ‘डीप आउट’ या फेकीचं नाव घेतात. रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, सरळ १५ यार्ड पळतो आणि काटकोनात साइडलाइनकडे (कडेच्या रेषेकडे) वळतो. १५ यार्ड म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही कमी, त्यात काय एवढं, असं वाटतं. आता मोजून बघा. मैदान ५३ यार्ड आणि एक फूट रुंद. चेंडू पलीकडच्या हॅश मार्कवर (चाल जिथून सुरू होते त्या मैदानावरच्या खुणेवर) असेल तर तिथून समोरची साइडलाइन जवळजवळ ३० यार्डांवर. क्वार्टरबॅक स्नॅप (चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेऊन सात यार्ड मागे सरकलेला. रिसीव्हर चेंडू पकडणार रेषेच्या दोनेक यार्ड आत. म्हणजे आडवे २८, उभे २२. शाळेतलं पायथागोरस लावलं की कर्ण येतो ३५ यार्डांहून थोडा जास्त. दीड खेळपट्टीहून जास्त, आणि तेही सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना.

वेगाचा हिशेब आणखी बोलका आहे. २०१७ च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) आधीच्या चाचणीत, पॅट्रिक महोम्सची फेक ताशी ६० मैल भरली आणि डेशॉन वॉटसनची ४९. हवेचा विरोध सोडून दिला तर ३५ यार्डांना महोम्सच्या चेंडूला १.२ सेकंद लागतात, वॉटसनच्या चेंडूला दीडच्या आसपास. पाव सेकंदाचा फरक. रिसीव्हरवर पहारा देणारा, सेकंदाला आठ यार्ड पळणारा कॉर्नरबॅक तेवढ्यात दोन यार्ड कापतो आणि मधूनच चेंडू उचलून उलट दिशेने टचडाउन (चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) करून मोकळा होतो. इथपर्यंत फॉरवर्डवाल्यांचं बरोबर आहे.

पण हा पाव सेकंद दंडातूनच काढायचा असा नियम कुठे आहे? चेंडू पाव सेकंद आधी सोडला तरी हिशेब जुळतो. पेनिंग्टन आयुष्यभर तेच करत आला. त्याचा एखादा जुना सामना लावा आणि चित्र थांबवत थांबवत बघा. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी रिसीव्हर अजून सरळच पळतोय, वळायला एक-दोन पावलं बाकी आहेत, त्याची पाठ आपल्याकडे आहे. कॉर्नरबॅक अजून त्याच्या कमरेकडे बघतोय. चेंडू जातो तो जिथे कुणीच नाही अशा रिकाम्या गवतावर. रिसीव्हर वळून मान फिरवतो तर चेंडू समोर येऊन ठेपलेला. एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे काका आठवतात मला.

आणि तो ४९ मैलवाला वॉटसन? २०२० साली ४,८२३ यार्डांसह पासिंगमध्ये अख्ख्या लीगमध्ये पहिला. उलट बाजूला जमार्कस रसेल. हा गुडघ्यांवर बसून ६० यार्ड फेकतो अशी त्याची ख्याती. २००७ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडने त्याला सगळ्यांत आधी उचललं. तीन मोसमांत १८ टचडाउन, २३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास), आणि २०१० च्या मे महिन्यात नारळ. त्याच्या हाताला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

आखूड पासांचा मुद्दा तर दोन आकड्यांत निकालात निघतो. २००८ चा मोसम, पेनिंग्टन मायामीत आणि फार्व्ह जेट्सकडे. पेनिंग्टन: ४७६ फेकी, ३,६५३ यार्ड. फार्व्ह: ५२२ फेकी, ३,४७२ यार्ड. भागाकार करा. दर फेकीमागे ‘अशक्त’ हाताचे ७.७ यार्ड आणि तोफेचे ६.७. पास आखूड असो की लांब, तो पकडला गेला तरच यार्ड मिळतात. पेनिंग्टनच्या त्या वर्षी शंभरातल्या ६७ फेकी पकडल्या गेल्या, आणि निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीच्या ६६ टक्क्यांसह तो या यादीत सर्वांत वर होता.

आता जेट्सनी त्याला काढलं ते. इथे मला जरा सबुरीने लिहायला हवं, कारण तेव्हा मीही टाळ्या पिटल्या होत्या. जेट्सच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. २००७ मध्ये संघ ४-१२ (चार विजय, बारा पराभव) असा आपटला होता, पेनिंग्टनला मोसमाच्या मध्येच बसवून केलन क्लेमेन्सला खेळवलं होतं. तिकडे फार्व्हने त्याच मोसमात ग्रीन बेला सुपर बोलच्या (लीगच्या अंतिम सामन्याच्या) उंबरठ्यापर्यंत नेलेलं. ऑगस्टमध्ये फार्व्ह आला, पेनिंग्टनला मोकळं केलं, आणि मायामीने त्याला लगेच सही करून घेतलं. मायामी म्हणजे त्याआधीच्या मोसमात १६ पैकी एक सामना जिंकलेला संघ. आमच्याकडे विनोद चालायचा की बिचाऱ्याला काळ्या पाण्यावर धाडलं.

पहिलाच सामना या दोघांचा, ७ सप्टेंबरला. फार्व्हने ५६ यार्डांचा टचडाउन फेकला, असा की खोलीतले सगळे उभे राहिले. पेनिंग्टनचा शेवटचा पास एंड झोनमध्ये (टोकाच्या पट्ट्यात) जेट्सच्या डॅरेल रेविसने पकडला. जेट्स २०, मायामी १४. फॉरवर्ड त्या रात्री लिहिला असता तर मी सही केली असती.

पण मोसम १६ सामन्यांचा असतो. जेट्स ८-३ वर होते तोपर्यंत फार्व्हचं कौतुक संपत नव्हतं. मग शेवटच्या पाच सामन्यांत त्याचे टचडाउन दोन आणि इंटरसेप्शन नऊ. एकूण २२, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्या दंडाचा स्नायूबंध फाटलेला होता, हे नंतर बाहेर आलं आणि ते लक्षात घ्यायलाच हवं. पण त्यातही एक गंमत आहे. जन्मभर तोफेवर खेळलेल्या माणसाची दारू ओली झाली तर त्याच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. दुखऱ्या खांद्याचा पेनिंग्टन मात्र मोडक्या हत्यारानिशी लढायला कधीच शिकलेला होता.

शेवटचा सामना पुन्हा या दोघांचा, २८ डिसेंबरचा रविवार, ईस्ट रदरफर्डला. आम्ही आठ-दहा जण एडिसनमध्ये एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमलो होतो. वहिनींनी मिसळ केली होती. मायामी जिंकलं तर गटविजेते, असा सामना. फार्व्हने तीन इंटरसेप्शन दिले, त्यातला एक फिलिप मर्लिंग नावाच्या आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड गड्याने हातात घेऊन थेट टचडाउनला पोचवला. त्या आकाराच्या माणसाच्या हाती चेंडू लागून तो पळत सुटणं हा आपल्याच संघाच्या बाबतीत बघण्यासारखा देखावा नव्हे. पेनिंग्टन: ३० फेकी, २२ पकडल्या, २०० यार्ड, दोन टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. मायामी २४, जेट्स १७. दुसऱ्या दिवशी जेट्सनी प्रशिक्षक एरिक मँजिनीला घरी पाठवलं. मिसळ तशीच उरली होती.

१-१५ वरून ११-५. बरोबरच केलं म्हणता?

यावर वाइल्डकॅटचं उत्तर ठरलेलं. २१ सप्टेंबरला मायामीने न्यू इंग्लंडला ३८-१३ असं लोळवलं तेव्हा चेंडू थेट पळणाऱ्या गड्याच्या, रॉनी ब्राउनच्या हातात दिला जात होता, पेनिंग्टन कडेला जाऊन उभा. ब्राउनने चार टचडाउन पळून केले आणि एक फेकलासुद्धा. झकास प्रकार. पण तो सामन्यात मोजक्याच वेळा व्हायचा, आणि पुढे संघांना त्याचा उताराही सापडला. मायामीचा खरा झपाटा त्यानंतरचा आहे: २-४ वर अडकलेला संघ पुढचे दहापैकी नऊ सामने जिंकला. अख्ख्या मोसमात मायामीने चेंडू फक्त १३ वेळा गमावला, तो तेव्हाचा लीगमधला नीचांक होता. चेंडू न गमावण्याचं श्रेय चेंडू ज्याच्या हातात सर्वाधिक वेळ असतो त्याला द्यायचं नाही तर कुणाला? नशिबाची साथ होती, हे खरं. टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला नसता तर गट कदाचित न्यू इंग्लंडने मारला असता. ब्रेडीविना ते ११-५ होतेच.

बाल्टिमोरचा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. ४ जानेवारी २००९, मायामीत प्लेऑफ. वर्षभरात फक्त सात इंटरसेप्शन दिलेल्या माणसाने एका दुपारी चार दिले. त्यातले दोन बाल्टिमोरच्या एड रीडने घेतले, एक ६४ यार्ड पळवून टचडाउन. मायामी ९-२७ हरलं. आधी चेंडू सोडायचा म्हणजे रिसीव्हर कुठे असेल याचा अंदाज बांधून सोडायचा, आणि समोरचा माणूस तोच अंदाज तुमच्या डोळ्यांत वाचणारा असेल तर पंचाईत. रीड असा वाचणारा होता. चूक उमगली तरी वेगाने झाकून घ्यायची सोय पेनिंग्टनकडे नव्हती. खोलवरच्या फेकीची भीती नसल्यामुळे बाल्टिमोरचे लोक बिनधास्त पुढे सरकून उभे राहिले की मैदानच आखडतं. ही त्याची मर्यादा होती, आणि ती त्याला त्या दिवशी भोवली. एवढं फॉरवर्डला द्यायला मी तयार आहे. पण मग ४ जानेवारी २००३ हाही दिवस मोजा: प्लेऑफच, जेट्स ४१, पेटन मॅनिंगचा इंडियानापोलिस ०, पेनिंग्टनचे तीन टचडाउन. त्या मोसमात लीगमधलं सर्वोत्तम पासर रेटिंग (पास फेकण्याचं गुणांकन) त्याचंच होतं, १०४.२.

शेवटची एक गफलत फॉरवर्डमध्ये आहे, ती मला सर्वांत जास्त खुपते. ‘अशक्त हातामुळे कारकीर्द लवकर आटोपली.’ अशक्त हात आणि फाटलेला खांदा यांत फरक आहे हो. २००० च्या ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला क्वार्टरबॅक पेनिंग्टन होता, १८ वा. ब्रेडी १९९ वा. खांद्यातला रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) पहिल्यांदा फाटला २००४ साली. शस्त्रक्रिया झाली. २००५ च्या सप्टेंबरात जॅक्सनव्हिलविरुद्ध पुन्हा फाटला, पुन्हा शस्त्रक्रिया. त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेल्या जे फीडलरचाही उजवा खांदा गेला; जेट्सवाल्यांना असल्या योगायोगांची सवय आहे. पुढच्याच वर्षी पेनिंग्टन सगळे १६ सामने खेळला आणि पुनरागमनाचा वार्षिक पुरस्कार घेऊन गेला. २००८ ला तोच पुरस्कार दुसऱ्यांदा. त्याच्याआधी कुणी तो दोनदा घेतला नव्हता.

२००९ ला तिसऱ्या सामन्यात खांदा परत गेला. २०१० च्या १४ नोव्हेंबरला मायामीने त्याला टेनेसीविरुद्ध पुन्हा उतरवलं. त्याने दोन पास टाकले, दोन्ही पकडले गेले, मिळून १९ यार्ड. मग तो खांदा धरून बाहेर आला आणि परत मैदानात गेला नाही.