आम्ही गर्ल स्काऊट आहोत, म्हणणाऱ्या त्या पोरी

भाचीने यंदा शाळेत गाइड, म्हणजे मुलींचं स्काऊट, घेतलंय. परवा तिची खरेदी झाली, निळा ड्रेस, स्कार्फ, तो अडकवायचं कडं म्हणजे वॉगल, शिटी आणि ती पांढरी दोरी. दोरी हातात घेतली आणि बोटांनी आपोआप रीफ नॉट मारली, उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर... इतक्या वर्षांनी! भाची खूश. मग तिची वही बघितली तर प्रश्न : गाइड चळवळ कोणी सुरू केली? उत्तर : लॉर्ड बेडन पॉवेल, १९१०. चुकीचं नाहीये हो, पण त्या एका ओळीत ज्या मुलींमुळे हे सगळं झालं त्याच गायब आहेत, आणि ते मला खरंच लागलं.

झालं असं की १९०८ ला बेडन पॉवेल यांचं मुलग्यांसाठीचं स्काऊटिंगचं पुस्तक आलं आणि इंग्लंडमधल्या मुलींनी भावांच्या प्रती घेऊन ते वाचून काढलं. कोणी बोलावलं नव्हतं, परवानगी नव्हती, तरी स्वतःची पथकं काढली, माग काढायला शिकल्या, कित्येकींनी नुसती आद्याक्षरं लिहून नोंदणी केली म्हणजे वरच्यांना वाटावं मुलगाच आहे! ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मोठा मेळावा होता, दहा-अकरा हजार मुलगे, आणि त्यांच्यात हॅट घालून, काठ्या घेऊन या पोरी हजर. तुम्ही कोण म्हणून विचारलं तर सरळ सांगितलं, आम्ही गर्ल स्काऊट आहोत. मला हा प्रसंग वाचताना दर वेळी भरून येतं.

मग ओरड सुरू झाली, मुली रांगड्या होतील, पुरुषी होतील वगैरे (ऐकल्यासारखं वाटतंय ना?). मुलींसाठी वेगळी संघटना काढून बेडन पॉवेलनी ती बहिणीकडे सोपवली, ॲग्नेसकडे. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, घरात मधमाश्या पाळणारी, बलूनमधून आकाशात जाणारी बाई. १९१२ ला तिने भावाबरोबर मुलींसाठी जे पुस्तक केलं त्यात आठ इंच दोरीने चोराला कसं बांधायचं तेही आहे! पुढे बेडन पॉवेलांची बायको ओलेव्ह पुढे आली, १९१८ ला चीफ गाइड झाली. तिचं काम प्रचंड मोठं आहे, पण त्यात ॲग्नेस मागे पडली ती पडलीच.

गाइड हे नाव आपल्याच भागातून गेलंय, वायव्य सरहद्दीवरच्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीवरून. आणि १९११ ला जबलपूरला भारतातली पहिली गाइड कंपनी निघाली, पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. आपल्या मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्तचर खात्याने, एमआय फाइव्हने, निरोप पोचवायला आधी बॉय स्काऊट ठेवले होते, ते फार बडबड करतात म्हणून त्यांच्या जागी गाइड घेतल्या. मुलींच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. मुलग्यांच्या तुकड्यांना प्राण्यांची नावं आणि मुलींना फुलांची. ज्या मुली आधी लांडगे-कोल्हे म्हणून रानात फिरत होत्या त्यांना एकदम फुलं व्हायला सांगितलं. लहान मुलींचा गट १९१४ ला निघाला तर नाव काय, रोझबड्स, गुलाबाच्या कळ्या! पोरींना ते आवडलं नाही, वर्षभरात बदलून ब्राउनी (गोष्टीतली घरकामात मदत करणारी छोटी परी) करावं लागलं. आमच्या शाळेच्या कॅम्पलाही हेच, तंबू मुलग्यांनी ठोकायचे आणि आम्ही तंबूपुढे रांगोळी काढायची, पोहे करायचे. मला तंबूची खुंटी ठोकता येत होती, व्यवस्थित, पण हातोडी कोणी हातात दिलीच नाही. तो राग अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला पुण्याचं संगम हे गाइडचं जागतिक केंद्र दाखवायचंय, १९६६ पासून जगभरातल्या गाइड तिथे येऊन राहतात. तोवर तिला वहीत ती एक ओळ खोडायला न लावता खाली आणखी चार ओळी लिहायला लावल्यात, ॲग्नेसच्या आणि क्रिस्टल पॅलेसच्या. लिहिता लिहिता म्हणाली, मावशी, आमच्या पथकाचं नाव गुलाब आहे, वाघ नाही का ठेवता येणार? म्हटलं बाईंना विचार. सोमवारी विचारणार आहे.