साडेपाच इंची रिमवर २२५ चा टायर का चढवला नाही

नमस्कार साहेब. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ऑटोक्रॉससाठी, म्हणजे शंकू मांडून घड्याळ लावून होणाऱ्या शर्यतीसाठी, २२५/५० आर १५ टायर (ढोबळ रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची) घेऊन आलात, आम्ही बसवायला नकार दिला आणि आमच्याकडचा १९५ चा माल गळ्यात मारायला बघत होतो. नकार दिला हे खरं. उद्या आलात तरी देऊ.

तुमच्या अलॉय रिमच्या आत ५.५ जे कोरलंय, म्हणजे रुंदी साडेपाच इंच. २२५/५० ला ६ ते ८ इंची रिम लागते. मशीनवर टायर चढेल, हवाही धरेल. पण या मापाच्या टायरची रुंदी ७ इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिलिमीटरने आकसतो. तुमच्या रिमवर दीड इंचाचा फरक, म्हणजे पैसे २२५ चे आणि साधारण १५ मिलिमीटर रुंदी गेली. तेही साइडवॉल (टायरची बाजू) फुगलेली, ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) मधे वर आलेला. दुकानातल्या अशाच एका चाकावर मी स्टीलची पट्टी आडवी धरून दाखवली होती, आठवत असेल. पट्टी मधोमध टेकली, दोन्ही कडांखालून उजेड दिसत होता.

शंकूला वळताना बहुतेक भार बाहेरच्या टायरवर येतो. तेव्हा ही साइडवॉल आडवी पडते, ट्रेडची कड दुमडते आणि गाडी स्टिअरिंगला उशिरा वळते. हवा वाढवून ते आवरायला जावं तर ट्रेड आणखी गोल होतो. हवा कमी ठेवून जोरात वळलात तर बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी टायरची कड, रिमवरून सुटू शकते, आणि तीच गाडी सोमवारी घरच्यांना घेऊन घोडबंदर रोडवर धावणार आहे.

१९५/५५ सुचवला तो साडेपाच इंचावर चालतो म्हणून. टायमिंग खरंच कमी करायचं असेल तर माझ्याकडून टायर आत्ता घेऊच नका, आधी ७ इंची रिम बघा. त्यावर २०५/५० बसतो आणि रुंदी साडेपाच इंचावरच्या २२५ एवढीच भरते, पण साइडवॉल सरळ उभी आणि ट्रेड सपाट. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने अलॉय मिळतात. ऑफसेट, म्हणजे रिम गाडीला किती आत-बाहेर बसते ते माप, विचारून घ्या, नाहीतर टायर आतून शॉकअपला घासेल. पैसे देण्याआधी रिम इकडे आणा, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून वाकलीय का ते बघून देतो. त्याचे पैसे घेणार नाही.