एला गेल्याचं कळलं त्या दिवशी भुसावळात लाइट नव्हती

दरवर्षी 15 जूनला मी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकन जाझ गायिका एला फिट्झगेराल्डचं एक गाणं टाकते, त्या दिवशी ती गेली म्हणून. यंदा एकाने लिहिलं, आवाज मस्तय पण ही बाई सारखी खुशीतच असते, जाझ म्हणजे कसं दुःख पाहिजे, काळजात घुसलं पाहिजे. तेव्हा मी काही बोलले नाही, कुकर लावलेला होता आणि वाद घालायचा मूडही नव्हता, पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून आता इथे लिहितेय. लांब होईल.

1996 साली आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. वडील रेल्वेत, मी कॉलेजला. आमच्या लाइनीत शेवटच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो इंडियन जोडपं होतं, अंकल रिटायर्ड ड्रायव्हर, पोरीकडे म्हणजे त्यांच्या मुलीकडे राहायचे कारण ती रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. ज्यांनी जुनं भुसावळ बघितलंय त्यांना माहितीये, एकेकाळी या लोकांची किती घरं होती इथे, ख्रिसमसला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये बँड, डान्स, आंटी लोकांचे फ्रॉक. मी मोठी होईपर्यंत बहुतेक घरं ऑस्ट्रेलिया नाहीतर इंग्लंडला निघून गेली होती. अंकल राहिले होते आणि त्यांचा रेडिओ राहिला होता.

रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचे. त्यात विलिस कोनोवर नावाचा माणूस जाझचा प्रोग्राम करायचा, 1955 पासून करत होता, इतकं सावकाश आणि सुटं सुटं इंग्लिश बोलायचा की माझ्यासारख्या मराठी मीडियमच्या मुलीलाही कळायचं. मी खरं तर इंग्लिश सुधारावं म्हणून तिथे जाऊन बसायला लागले. इंग्लिश सुधारलं की नाही देव जाणे, एला मात्र सापडली.

त्या वर्षी मे महिन्यात कोनोवर वारले आणि पुरता महिना होत नाही तोच जूनमध्ये एला. ती गेली शनिवारी, बेव्हर्ली हिल्सच्या तिच्या घरी, 79 वर्षांची होती. आम्हाला कळलं रविवारी सकाळी. मी दूध आणायला निघाले होते, अंकल फाटकात उभे, अंगात बनियन, हातात रेडिओ तसाच, म्हणाले, "एला चली गई, बेटा." एवढंच. घरात कोणी गेल्यासारखं मला धस्स झालं आणि लगेच लाजही वाटली, की आपलं काय नातं, आपण भुसावळचे, ती कुठली.

भुसावळचा जून काय असतो ते सांगायला नको. पाऊस पत्ता नाही, भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या, आणि संध्याकाळी लाइट गेली. अंकलनी टेपरेकॉर्डरमध्ये सहा सेल टाकले आणि ओट्यावर आणून ठेवला. चार-पाच जण जमले, एक रिटायर्ड गार्ड, दोन शेजारी, आंटी, मी, आणि पाठोपाठ आमची आई, कारण पोरगी अंधारात कुठे बसलीये हे तिला बघायचं होतं. मला वाटलं अंकल एखादं रडवेलं गाणं लावतील. त्यांनी 1960 सालचा बर्लिनचा कार्यक्रम लावला.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागे चारच वादक, पियानो, गिटार, बास, ड्रम. एला 'मॅक द नाईफ' गायला घेते, गाण्याआधीच सांगते की शब्द सगळे आठवतील अशी आशा आहे, आणि अर्ध्यात खरंच विसरते. हजारो माणसं समोर, रेकॉर्डिंग चालू. ती थांबत नाही. मी विसरले, आता पुढचं कडवं काय, हेच सुरात आणि तालात गायला लागते, यमक जुळवून! मग लुई आर्मस्ट्राँग या जाझ गायकाचा घोगरा आवाज काढते, आपण या गाण्याची पार वाट लावतोय हेही गाऊनच सांगते, आणि एकदाही लयीतून बाहेर जात नाही. नीट ऐका, मागचा ड्रमवाला तिला धरून राहतो आणि ती त्याच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखी पुढे जाते. या विसरलेल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

नंतर तिचं स्कॅट सुरू झालं, म्हणजे नुसतीच अक्षरं, दू बी दा बा, अर्थ काही नाही. आपल्याकडे तराणा ऐकलेल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. आईला तराणा माहीत नव्हता आणि इंग्लिशचं एक अक्षर येत नव्हतं. ती पदराने वारा घेत होती, घेता घेता हात थांबला. जरा वेळाने म्हणाली, "हिचे शबद सरले, पन गानं नाई सरलं."

अंकलना मी ते हिंदीत सांगितलं. ते उठले, कॅसेट मागे फिरवली आणि तेच गाणं आईसाठी परत लावलं.

आता त्या 'सारखी खुशीत'बद्दल बोलू. हे नवीन नाहीये, मोठमोठे समीक्षकही हेच म्हणत आलेत, बिली हॉलिडे या दुसऱ्या जाझ गायिकेच्या गळ्यात दुःख होतं, एलाच्या गळ्यात नुसती सफाई. मला बिली प्रचंड आवडते, तिच्याबद्दल वाद नाही. पण एलाचं आयुष्य बघा. 1917 चा जन्म, पंधराव्या वर्षी आई गेली. शाळा सुटली, मुलींच्या सुधारगृहात टाकलं, तिथून पळाली, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहिली. 21 नोव्हेंबर 1934 ला हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गेली ती नाचायला! तिच्या आधी दोन बहिणी इतक्या भारी नाचल्या की हिची हिंमतच गेली, आणि स्टेजवर उभीच आहे तर काहीतरी करावं म्हणून गायली. अंगावर धड कपडे नव्हते. 25 डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पुढे जिने अख्ख्या जगाला गायला शिकवलं ती अशी, नाचायचं राहिलं म्हणून गायला लागलेली मुलगी.

चिक वेब नावाच्या ड्रमवाल्याने तिला बँडमध्ये घेतलं, कुबड असलेला, सतत आजारी, पण स्टेजवर त्याच्यापुढे कोणी टिकायचं नाही असा. तो 1939 ला वारला तेव्हा एला 22 ची, आणि तो सगळा बँड तिच्या नावावर चालायला लागला. 1955 ला ह्यूस्टनला गोरे-काळे प्रेक्षक एकत्र बसवले म्हणून पोलीस थेट ड्रेसिंग रूममध्ये घुसले, जुगाराच्या नावाखाली तिला धरून नेलं, आणि चौकीवर तिचाच ऑटोग्राफ मागितला. काय बोलायचं यावर.

आणि सुधारगृहाचं तर ती जिवंत असेपर्यंत जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं. ती गेल्यावर आठवड्याभराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं की तिथे मुलींना मारायचे, तळघरात कोंडायचे. साठ वर्षं ही बाई गात होती आणि या गोष्टीचं तिने कुठे भांडवल केलं नाही. मग तिच्या आवाजात दुःख नाही असं म्हणणाऱ्याला मी विचारते, ते दिसलंच पाहिजे असा नियम कोणी केला? आपल्या खान्देशात हे निदान समजायला पाहिजे. श्रावणात कानबाईच्या रात्री जी बाई सगळ्यात जोरात गाते, फुगड्या घालते, तिच्या घरचं सगळ्या गल्लीला माहीत असतं. आसोद्याच्या बहिणाबाई तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात लेकरं, आणि ओव्यांत थट्टा किती, चिमटे किती, शेतातल्या कोंबाचं कौतुक किती. त्यांना कोणी वरवरच्या म्हणतं का? नाही ना. मग एलाला का?

शेवटी तर मधुमेहाने डोळे अधू केले, 1993 ला दोन्ही पाय गुडघ्याखालून कापावे लागले. तरी ती गेली तेव्हा लोकांना आठवलं ते तिचं हसतं गाणंच. हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचा तारा आहे तिथे फुलं ठेवली गेली, हॉलिवूड बोल नावाच्या खुल्या थिएटरच्या पाटीवर लिहिलं होतं, एला, तुझी आठवण येईल. त्याच वेळी इकडे आमच्या ओट्यावर सहा सेलवर ती गात होती, हे मला फार नंतर कळलं आणि कळल्यावर मात्र मी रडले.

म्हणून मला वाटतं, गायक गेला की आपण फोटोखाली दोन हात जोडतो आणि पुढे जातो हे काही खरं नाही. एक गाणं पूर्ण ऐका, मध्ये मोबाईल न बघता. आणि त्या माणसाने गाताना नेमकं काय केलं ते कोणाला तरी सांगा. अंकलनी त्या रात्री एवढंच केलं होतं. श्रद्धांजली हा शब्दही कोणी उच्चारला नाही.

दोन-तीन वर्षांनी ते लोक मुलीबरोबर पर्थला गेले. जाताना बर्लिनची कॅसेट मला देऊन गेले, झाकणावर निळ्या पेनाने फक्त 'एला' लिहिलेलं. आई पण आता नाही. ती स्वयंपाक करताना कधीकधी म्हणायची, लाव गं त्या इसरनारीले, आणि मी लावायचे.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेलं कोणी हे वाचत असेल तर इन्स्टिट्यूटच्या डान्सचे, बँडचे जुने फोटो असतील ते कमेंटमध्ये टाका प्लीज. आणि जुन्या कॅसेटची टेप नीट करून देणारं जळगाव-भुसावळमध्ये कोणी असेल तर नंबर मेसेज करा. ए बाजू ओढली गेलीये. बी बाजू, जिच्यावर ती विसरते, ती अजून चालते.